यंत्राच्या हातीं दिलेली चिठ्ठी

बोरिवलीच्या रुग्णालयांत आप्त आहे; मुलुंडचा एक गृहस्थ एआय एजंटास विचारतो, लोकलनें कसें जावें? श्रोतेहो, या एजंटास वेळापत्रक पाठ नसतें. एपीआय नांवाच्या दारांतून तो दुसऱ्या संगणकाकडे विचारणा करितो, आणि कोणतें दार केव्हां ठोठवावें हें त्यास दारावरील चार ओळींच्या वर्णनावरून कळतें. तें वर्णन प्रोग्रॅमर लिहितो.

तेथें "दोन स्थानकें द्या, गाडी मिळेल" एवढेंच असलें तर? मुलुंड मध्य रेल्वेवर, बोरिवली पश्चिम रेल्वेवर; थेट लोकल नाहीं. उत्तर रिकामें येतें, एजंट खुशाल सांगतो कीं मार्गच नाहीं, आणि तो गृहस्थ टॅक्सी शोधूं लागतो! वास्तविक दादरला गाडी बदलतां येते. किंवा घाटकोपरला उतरून, २०१४ सालीं सुरू झालेल्या मेट्रोनें अंधेरीस जाऊन, तेथून बोरिवलीची लोकल धरतां येते.

खिडकीवरचा कारकून निदान उलट प्रश्न तरी करील. एजंटापाशीं ती चिठ्ठीच काय ती असते. म्हणून तींत स्वच्छ लिहावें: येथें फक्त थेट गाड्या मिळतात, रिकामें उत्तर म्हणजे थेट गाडी नाहीं, प्रवास अशक्य नव्हे, वेळ चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणें द्यावी, रविवारचा मेगाब्लॉक यांत धरलेला नाहीं. "अत्याधुनिक", "सर्वोत्तम" हीं विशेषणें जाहिरातींत शोभतात. एजंटास त्यांतून कांहीं कळत नाहीं. आणि जें साधन तिकीट काढून पैसे घेतें, त्याच्या पहिल्याच ओळींत "आधीं प्रवाशाची संमति घ्यावी" हें हवेंच.

मग प्रोग्रॅमरनें मुलुंड-बोरिवलीचा तोच प्रश्न पुन्हा घालून पाहावा.