गोलसमोरची जागा



सुवर्णमहोत्सवी वर्षातील या व्याख्यानासाठी मी फुटबॉलचा विषय निवडला, याचे आपणांपैकी अनेकांना नवल वाटले असेल. आपले जबलपूर हॉकीचे शहर. ज्या रूपसिंगांनी 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेवर एकट्याने 10 गोल चढविले, त्यांचा जन्म याच गावचा. तेव्हा घमापुरात उभे राहून कोल्हापूरच्या एका फुटबॉलपटूविषयी बोलणे हे थोडे धाडसाचेच. परंतु परमुलखात राहणाऱ्या माणसाला आपल्याकडचे एखादे पोर मोठे होताना पाहण्याची जी ओढ असते, ती या सभागृहात कोणाला समजावून सांगावी लागू नये.

कोल्हापूरचा फुटबॉल तालमींच्या आश्रयाने वाढला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही नावे कुस्तीच्या आखाड्याची आठवण करून देणारी. पण शाहू स्टेडियमवर याच नावांसाठी पेठाच्या पेठा लोटतात. त्या गावात 2000 साली जन्मलेला अनिकेत जाधव हा एका रिक्षाचालकाचा मुलगा. पुण्याच्या बालेवाडीतील क्रीडा प्रबोधिनीत तो घडला आणि ऑक्टोबर 2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी निवडलेल्या भारतीय संघात आघाडीचा खेळाडू म्हणून आला. फिफाच्या विश्वचषकात भारताचा फुटबॉल संघ उतरण्याची ती पहिलीच वेळ. अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिन्ही संघांकडून आपण हरलो. पण त्या मुलांनी मान खाली घातली नाही. पुढच्याच महिन्यात, त्याच मुलांच्या इंडियन ॲरोज संघाने आय-लीगमधील आपल्या पहिल्या सामन्यात चेन्नई सिटीचा 3-0 असा पराभव केला आणि त्यांपैकी दोन गोल अनिकेतचे होते. त्या दिवशी मी मनाशी म्हटले, आता याचा हंगाम येणार!

मित्रहो, तेव्हापासून प्रत्येक हंगामाच्या आरंभी मी हेच म्हणत आलो. पुण्याच्या उद्योगसमूहाच्या मालकीच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स या इंग्लिश क्लबात त्याने काही काळ सराव केला, तेव्हा म्हटले. जमशेदपूरच्या संघात तो गेला, तेव्हा म्हटले. आणि हैदराबादकडे आला, तेव्हा तर खात्रीनेच म्हटले. हैदराबादने 2021-22 ची इंडियन सुपर लीग जिंकली, अनिकेत त्या विजेत्या संघात होता. तरीही मी ज्याची वाट पाहत होतो, तो हंगाम हा नव्हे. संघाचे 18 गोल एकट्या बार्थोलोम्यू ओगबेचे या नायजेरियन खेळाडूने केले, तेही वयाच्या 37 व्या वर्षी. गोलसमोरची मधली जागा त्याची. आपल्या मुलाच्या वाट्याला आली ती मैदानाची कड.

यात त्या परदेशी खेळाडूचा दोष मुळीच नाही. त्याने आपली जागा गुणांवर मिळविली होती. क्लबाला सामना आज जिंकायचा असतो. मुलगा उद्या तयार होणार असतो. म्हणून बचावात आणि कडेला भारतीय मुले उभी राहतात, आणि गोल करण्याचे काम तयार माणसाकडे सोपविले जाते. पण गोल करणे हे गोल करूनच शिकता येते. त्याआधी पुष्कळ गोल हुकवावेही लागतात. ही हुकण्याची मुभा कोणी द्यायची, हा खरा प्रश्न आहे. तो टाळल्याचा परिणाम आपण पाहिला. जून 2024 मध्ये निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला मार्च 2025 मध्ये, वयाच्या चाळिशीत, राष्ट्रीय संघात परत बोलवावे लागले. आणि मालदीवविरुद्ध त्यानेच गोल केला. मला त्या गोलाचा आनंद झाला आणि विषादही वाटला.

पूर्वी असे नव्हते. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढविणारा नेव्हिल डिसूझा गोव्यात जन्मला आणि मुंबईत खेळला. भारत त्या वर्षी चौथा आला. गुण आपल्या मातीत नाहीत असे म्हणणाऱ्यांना हे एकच उदाहरण पुरेसे आहे. त्याला मधली जागा दिली गेली होती, म्हणून तो दिसला.

आता थोडी कबुली देतो. दूरदर्शनच्या पडद्यासमोर बसून, चेंडू गोलवरून गेला की, ‘वाया घालवला!’ असे मीही ओरडलो आहे. आपल्या गावचा म्हणून त्याचे कौतुक करायचे आणि आपल्या गावचा म्हणूनच त्याला क्षमा करायची नाही, ही चाहत्याची जुनी खोड आहे. आपल्या घरांतही हेच घडते. मुलाने खेळात नाव काढावे असे वाटते. पण एका परीक्षेत गुण कमी पडले की बूट माळ्यावर जातात.

म्हणून अनिकेतसाठी माझी आशा आता थोडी बदलली आहे. त्याच्या नावावर अमुक गोल लागावेत, असा हिशेब मी मांडत नाही. एक पूर्ण हंगाम त्याला, आणि त्याच्यामागून येणाऱ्या मुलांना, गोलसमोरची जागा मिळावी. पाच संधी हुकल्या तरी सहाव्यांदा चेंडू त्यांच्याकडेच यावा, एवढेच मागणे आहे. उद्या याच मंडळातील एखादे मूल चेंडू घेऊन अंगणात उतरले, तर त्यालाही आपण तेवढीच मुभा देऊ या.