बालमंदिरातील सहा दिवस
(ट्रस्टच्या बालमंदिरातील पालक मेळाव्यात केलेले भाषण)



काही पालकांचा एक अर्ज विश्वस्त मंडळाकडे आला आहे. बालमंदिरात गृहपाठ नाही, वह्या कोऱ्या राहतात, सबब शिशुवर्गापासूनच लेखन व चाचणी सुरू करावी, अशी त्यात मागणी आहे. अर्जाची भाषा संयत आहे आणि त्यामागील काळजी खरी आहे. याच कारणास्तव यंदा चार मुले अन्यत्र गेली, हे खजिनदार या नात्याने मला ठाऊक आहे. म्हणून मत देण्यापूर्वी एक आठवडा, सोमवार ते शनिवार, रोज सकाळी दोन तास मी वर्गात बसलो. मी शिक्षणतज्ज्ञ नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापड दुकानदार. जे पाहिले ते आपणांपुढे ठेवतो.

सोमवारी रंग होते. कटपिसांच्या तुकड्यांच्या जोड्या लावायच्या, मग एकाच निळ्याच्या सहा छटा फिक्यापासून गडदापर्यंत मांडायच्या. (दुकानातल्या नव्या नोकराला हेच शिकवताना माझा महिना जातो!)

मंगळवारी डोळ्यांवर पट्टी बांधून स्पर्श. मलमल, मांजरपाट, मखमल, लोकर, गोणपाट. केवळ बोटांनी चाचपून सारखे तुकडे जुळवायचे. ताई विचारीत, "कसं लागतं?" 'मऊ', 'गुळगुळीत', 'खरखरीत' असे शब्द येत गेले. गोणपाटाला एक चिरंजीव म्हणाले, "आजोबांच्या दाढीसारखं." भाषा ती याहून निराळी कोणती? हा खेळ मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीतला. 1907 साली रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. त्यांच्याही आधी, 'किंडरगार्टन' हे नाव देणाऱ्या जर्मनीच्या फ्रोबेल यांनी मुलाच्या हाती द्यायची पहिली वस्तू ठरवली ती लोकरीचे सहा रंगीत चेंडू. आम्हा कापडवाल्यांना याचा अभिमान वाटल्यास क्षमा असावी.

बुधवार मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. लाकडी चौकटीवर कापडाचे दोन पदर ताणलेले. एकीला बटणे, दुसरीला हूक, तिसरीला नाडी. साडेतीन वर्षांच्या एका मुलाला पाच बटणे लावायला माझ्या घड्याळाप्रमाणे अकरा मिनिटे लागली. मदतीला माझा हात पुढे झाला, तेव्हा ताईंनी मला डोळ्यांनीच थांबवले. पाचवे बटण बसले. त्याने सगळी बटणे काढली आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. बटण लावताना अंगठा, तर्जनी आणि मधले बोट काम करतात. पेन्सिल धरणारी बोटेही तीच. मनगटाची सर्व हाडे तयार व्हायला दहा-बारा वर्षांचे वय यावे लागते. म्हणजे बुधवारी त्या वर्गात लेखनाचीच तयारी चालली होती. फक्त तिची वही नव्हती.

गुरुवारी चिंचोके मोजणे, शुक्रवारी मातीकाम व गोष्ट, शनिवारी आवारात पाने वेचणे. त्याचे वर्णन आपली मुले माझ्यापेक्षा चांगले करतील.

हे साहित्य महाग असते, असा एक आक्षेप आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, 1957 पासून ते कोसबाडला चालले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. शंख-शिंपले, खडे, बिया, पाने हेच त्यांचे साहित्य. आपल्या वर्गातील तुकडेही दुकानातील उरलेसुरलेच आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानून खेळातून शिक्षणावर भर दिला आहे.

तेव्हा लेखन व चाचणीची मागणी मान्य करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची किंमतही सांगतो. चार मुलांचे शुल्क बुडाले आहे. आणखी पाच-सहा गेली तर मदतनीस बाईंचे वेतन शुल्कातून निघणार नाही. ती तूट सुवर्णमहोत्सवी निधीतून भरावी, असा ठराव मी मांडणार आहे. काही सहकाऱ्यांचा त्याला विरोध आहे, तो त्यांनी सभेत अवश्य मांडावा.

अर्जातील दुसरी तक्रार मात्र रास्त आहे: वर्गात काय चालते हे पालकांना कोणी सांगत नाही. यापुढे दर शनिवारी शिक्षिका आठवड्याचे टिपण फलकावर लावतील. मंडळाची सभा येत्या रविवारी आहे. सही करणाऱ्या पालकांनी तत्पूर्वी, बुधवारी सकाळी नऊ वाजता, वर्गात येऊन बसावे ही विनंती. खुर्च्या लहान आहेत, म्हणून चटई घालून ठेवली आहे.