शस्त्रक्रियेनंतरचा हिशेब



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. यकृताने आतड्यात सोडलेल्या पित्तक्षारांपैकी सुमारे ९५ टक्के, मुख्यतः लहान आतड्याच्या अखेरच्या भागातून, यकृताकडे परततात. क्षयरोग वा क्रोन्स व्याधीमुळे तो भाग काढावा लागला, की ही वसुली घटते. पित्तात क्षार कमी पडले, की कोलेस्टेरॉल नीट विरघळत नाही. मोठ्या आतड्यात उतरलेले क्षार बिलिरुबिनचे पुनर्शोषण वाढवितात. दोन्ही कारणांनी पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. यास्तव शस्त्रक्रियेची कागदपत्रे जपावीत. उजव्या बरगडीखाली दुखल्यास डॉक्टरांना ती अवश्य दाखवावीत. देणगीदारांस विनंती, की शस्त्रक्रियेइतकेच नंतरच्या तपासण्यांनाही साहाय्य करावे.