माळावरची जागा

आमच्या गावात नवी शाळा बांधायचे ठरले आणि जागा पाहणाऱ्या समितीत मलाही घेतले. मी बी.ए., तोही मराठीचा. मला दगडमातीतले काय कळणार? पण कवी रिकामा असतो, असा नगर जिल्ह्यात समज आहे.

जागा दोन. एक रस्त्यालगतची, सपाट, फुकट मिळणारी; पूर्वी तिथे ओढा होता, राडारोडा टाकून बुजवलेला. दुसरी माळावरची, लांब, मुरमाची. सगळ्यांचा कल रस्त्याकडे. मीही हात वर करणारच होतो.

कुणीतरी म्हणाले, "आपल्याकडे कुठे होतो भूकंप?" आणि मला 1993 आठवले. 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी हादरली. गणपती विसर्जन करून लोक नुकते निजले होते. आमच्या मोहल्ल्यातून भाकरी आणि घोंगड्यांचा ट्रक निघाला, त्यात मी होतो. तिथेही कुणाला भूकंपाची कल्पना नव्हती. नकाशावर तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. सुमारे दहा हजार माणसे गेली. दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर मातीचे जड माळवद. अब्बांचे घर अगदी तसेच. परत आल्यावर आठवडाभर मी अंगणात झोपलो. अम्मीने कारण विचारले नाही.

दख्खनचा खडक हलत नाही, ही समजूत कोयनेने 11 डिसेंबर 1967 लाच मोडली होती. पुढे 2002 मध्ये नकाशातला तो सर्वांत कमी धोक्याचा पट्टाच रद्द झाला. आणि लांब कशाला, 2018 मध्ये आपल्याच संगमनेर तालुक्यात घारगाव-बोटा भागात सौम्य धक्के जाणवले होते.

सोबतच्या तरुण इंजिनिअरला मी विचारले. तो म्हणाला, "चाचा, भूकंप कधी होईल ते कुणी सांगू शकत नाही. आपली जमीन तेव्हा कशी वागेल, ते बरेचसे सांगता येते." पक्क्या खडकापेक्षा भुसभुशीत भरावात हादरा वाढतो, भराव एकीकडे जास्त खचतो, भिंती फाटतात. पाण्याने भरलेली वाळू असेल तर जमीन पातळच होते; 2001 च्या भूकंपात कच्छमध्ये तसे झाले.

मग जेसीबीने दोन्हीकडे खड्डे घेतले. रस्त्याकडे दहा फुटांवरही विटांचे तुकडे, प्लॅस्टिक आणि एक जुनी चप्पल. माळावर चार फुटांतच मुरूम संपून काळा पाषाण. शेजारच्या विहिरीत डोकावलो तर तिच्या भिंतीवरही तेच थर. इतकी वर्षे त्या विहिरीवर पाणी प्यालो, थर कधी पाहिले नव्हते.

नुसत्या खडकाने भागत नाही, हेही त्याने बजावले. जोत्यावर आणि खिडक्यांच्या वर सळयांचे सलग पट्टे हवेत, ठेकेदार ते गाळणार नाही हे पाहायला कुणीतरी उभे हवे.

माळावर शाळा म्हणजे मुलींना पाऊण किलोमीटर जास्त चाल. सरपंचबाई त्यावर अडून आहेत, आणि त्यांचे खोटे नाही. ओढ्यावरच बांधायचे तर खोल पायाला किती खर्च, तो आकडा शुक्रवारी यायचा आहे. बैठक जुम्म्याच्या नमाजनंतर ठेवली आहे. माझे मत माळाला.