फोनमधले हिरे आणि गटाचा हप्ता

आम्ही वाई तालुक्यातल्या एका बचत गटाच्या दहाजणी. आज स्टुडिओत आठजणीच आलोय. एकीच्या घरी हळद शिजवायला घेतलीय आणि एकीची लेक बाळंतपणाला आलीय. वाचणारी एक आहे, पण लिहिलंय सगळ्यांनी मिळून, म्हणून 'आम्ही' असंच बोलतो.

विषय आहे मोबाइल, त्यातले खेळ आणि कॉम्प्युटरवरचं काम. तुम्ही म्हणाल, या बायकांना त्यातलं काय कळतं? खरंय, फारसं कळत नव्हतं. मतं मात्र पक्की होती. पहिलं मत, मोबाइलनं पोरं बिघडली. दुसरं, गेम म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग. तिसरं, कॉम्प्युटरची नोकरी म्हणजे सावलीत बसून पगार. दिवसभर हळदीच्या रानात वाकणाऱ्या बाईला असं वाटलं तर नवल नाही. पण गेल्या दिवाळीनंतर एक गोष्ट घडली आणि ही तिन्ही मतं आम्हाला पुन्हा तपासावी लागली.

आमच्या गटाचा बँकेतल्या कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या दहा तारखेला जातो. बायका आपापला वाटा आमच्यातल्या एकीकडे देतात. कुणी रोख देते, कुणी फोनवरून पाठवते. ती बँकेत भरते. हिशेबाला इतकी चोख की आठ आण्याचाही फरक पडायचा नाही. त्या महिन्यात ती नऊ तारखेला रात्री आमच्याकडे आली आणि उंबऱ्यातच बसली. खात्यात सहा हजार आठशे चाळीस रुपये कमी होते.

आम्हाला वाटलं, कुणीतरी फसवलं. हल्ली फोन येतात, बँकेतून बोलतोय म्हणतात. पण बँकेत जाऊन खात्याचा उतारा काढला, तर एकोणऐंशी रुपये, एकशे एकोणसाठ रुपये, दोनशे नव्व्याण्णव रुपये, अशा बारीक बारीक रकमा दोन महिने जात होत्या. सगळ्या एकाच गेमवर. तिचा सातवीतला मुलगा तिच्या फोनवर तो खेळायचा.

त्याला पिन कुणी सांगितला? आईनंच. दुकानात पैसे द्यायचे असतात, चष्मा घरी राहिलेला असतो, मागचा माणूस घाई करत असतो. मग आपण म्हणतो, "टाक रे बाळा तेवढा आकडा." मैत्रिणींनो, आम्ही दहाजणींनी एकमेकींना विचारलं. दहापैकी सातजणींचा पिन घरातल्या पोरांना पाठ होता. आणि दोघींना स्वतःला आठवत नव्हता.

गटानं तिला चोर ठरवलं नाही, एवढं आम्ही अभिमानानं सांगतो. ती पायातले पैंजण घेऊन आली होती, ते परत पाठवले. हप्ता सगळ्यांनी वर्गणी काढून भरला आणि तिनं तो महिन्याला पाचशे रुपयांनी फेडायचा असं ठरलं. ही गोष्ट आम्ही तिच्या परवानगीनं सांगतोय. पण घरात जे झालं ते पैशांनी भरून येणारं नव्हतं. तिनं फोन कपाटात कुलपात ठेवला. पोरगा बोलेनासा झाला. जेवायला बसायचा, ताट तसंच सारायचा. पुढं शेजारच्या पोराच्या फोनवर खेळायला लागला. ती म्हणायची, "पैसे गेले त्याचं काही नाही गं, पण हा माझ्याकडं बघत नाही."

आता तिसऱ्या मताकडं वळतो, कारण वाट तिथूनच निघाली. आमच्यातल्या एकीची सून पुण्यात हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आठवड्यातून दोन दिवस पुण्याला जाते, तीन दिवस घरूनच काम करते. सासूचं म्हणणं असायचं, "दिवसभर लॅपटॉप मांडीवर, आणि ऐन दिवाबत्तीच्या वेळेला खोलीचं दार लावून घेते." आम्ही सगळ्या माना डोलवायचो. मग एकदा तिलाच विचारलं, तू करतेस तरी काय?

ती हसली. म्हणाली, "काकू, मी तांदूळ निवडते."

तिचं काम सॉफ्टवेअर तपासायचं. दुसऱ्यांनी बनवलेला प्रोग्रॅम लोकांच्या हातात जाण्याआधी ती वापरून बघते. वयाच्या रकान्यात कुणी दोनशे लिहिलं तर काय होईल? नाव रिकामं ठेवलं तर? पैसे भरायचं बटण घाईत दोनदा दाबलं गेलं तर दोनदा पैसे कापले जातील का? लोक ज्या चुका करतील, त्या ती आधी करून बघते. खडा सापडला की लिहून कळवायचा, दुरुस्त होऊन आला की पुन्हा निवडायचं. आणि दार संध्याकाळी का लावते? तर काम अमेरिकेतल्या लोकांचं आहे. आपल्याकडं दिवे लागतात तेव्हा तिकडं सकाळ होते आणि तेव्हाच बैठका असतात. भात चांगला झाला तर निवडणारीचं नाव कुणी काढत नाही, खडा दाताखाली आला की मात्र सगळे तिलाच शोधतात. हे ती बोलली आणि सासू गप्प झाली. असं काम कसं असतं, हे आम्हा बायकांना कुणी समजावून सांगायला नको.

तिला आम्ही त्या मुलाकडं घेऊन गेलो. वाटलं होतं, शिकलेली आहे, चार शब्द सुनावेल. तिनं फोन कपाटातून काढायला लावला आणि त्याला म्हणाली, "मला खेळून दाखव."

आम्ही सगळ्या भोवती बसलो. पोरगा आधी लाजला, मग सांगायला लागला. चौघांचा गट असतो. एकजण पुढं जातो, एकजण मागं राखतो. पडला त्याला बाकीचे उचलतात. मध्येच उठता येत नाही, कारण हा खेळ थांबवून ठेवता येत नाही. एक उठला की तिघं हरतात. त्याची आई म्हणाली, "म्हणजे मी जेवायला हाक मारली की तू 'आलो, आलो' म्हणतोस ते यासाठी?" तो म्हणाला, "हो." एवढं साधं होतं. पण वर्षभर त्यावरून त्या घरात रोज रात्री भांडण होत होतं.

मग वहिनीनं विचारलं, "आणि पैसे कशाला?" बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "सगळ्यांच्या अंगावर भारी कपडे असतात. माझाच माणूस साधा. पोरं भिकारी म्हणायची."

मैत्रिणींनो, यावर हसू नका. लग्नाला तीच साडी दुसऱ्यांदा नेसून जाताना आपल्याला कसं होतं ते आठवा.

त्यानंतर तिनं आम्हाला त्या गेमचं दुकान उघडून दाखवलं. तिथं रुपये चालत नाहीत, हिरे चालतात. आधी रुपये देऊन हिरे घ्यायचे, मग हिऱ्यांनी कपडे घ्यायचे. ती म्हणाली, "खिशातून नोट काढताना हात अडखळतो. हिरे देताना अडखळत नाही, म्हणून मध्ये हिरे घातलेत." कपड्याची किंमत आणि हिऱ्यांची पाकिटं मुद्दाम जुळत नाहीत. थोडे हिरे उरतात, आणि ते वाया जाऊ नयेत म्हणून आणखी घ्यावेसे वाटतात. रोज आलं तर रोज बक्षीस, एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. एका कोपऱ्यात घड्याळ पळतंय, ही संधी आजच्यापुरती. ती म्हणाली, "हे आपोआप झालेलं नाही. कुणीतरी टेबलाशी बसून एकेक गोष्ट ठरवलीय. माझ्यासारख्याच कुणीतरी ते बटण नीट दाबलं जातं ना, हेही तपासलंय."

तेव्हा आमचं पहिलं मत हललं. मोबाइलनं पोरगं बिघडलं, असं म्हटलं की सगळं त्या पोरावर येतं, नाहीतर त्या पत्र्याच्या डबीवर. पडद्यामागं माणसं आहेत, त्यांनी काही ठरवलंय, हे आपल्या ध्यानातच येत नाही. आणि फक्त पोरांचंच कशाला? आमच्यातली एक पाच मिनिटं म्हणून रेसिपीचे व्हिडिओ बघायला बसली आणि गॅसवरचं दूध उतू जाऊन पातेलं करपलं. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपणहून येतो. सागरगोट्याचा डाव संपतो, पुस्तकाचं शेवटचं पान येतं, तसा शेवट त्यांनी ठेवलेलाच नाही. तेही कुणीतरी ठरवलेलंच.

मग सगळे खेळ वाईटच का? इथं आमचं दुसरं मत अडखळलं. वहिनीनं कॅरोल शॉ या बाईंची गोष्ट सांगितली. या अमेरिकेतल्या. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या सुरुवातीच्या स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतात. १९८२ साली त्यांनी 'रिव्हर रेड' नावाचा खेळ बनवला. नदीवरून विमान न्यायचं, काठाला धडकू द्यायचं नाही, इंधन संपू द्यायचं नाही. खेळाची कॅसेट टीव्हीला जोडायच्या यंत्रात घालायची. त्या कॅसेटमध्ये जागा किती? चार किलोबाइट. आत्ता आम्ही वाचतोय ते भाषण कॉम्प्युटरवर टाइप केलं, तर त्यालाही याच्या कितीतरी पट जागा लागेल. एवढ्याशा जागेत लांबच लांब नदी मावणार कशी?

त्यांनी नदीचं चित्र साठवलंच नाही. एका आकड्यावरून पुढचा आकडा काढायचा नियम तेवढा ठेवला. त्या आकड्यांवरून काठ कुठं रुंद, कुठं अरुंद हे ठरतं. नियम तोच, सुरुवातीचा आकडा तोच, म्हणून नदी दर वेळी तीच. हे ऐकून आमच्यातली विणकाम करणारी एकदम म्हणाली, "म्हणजे दोन सुलट, दोन उलट!" बरोबर. स्वेटरचं चित्र आपण डोक्यात ठेवत नाही, टाक्यांचा नियम ठेवतो, आणि हवा तेवढा लांब विणतो. ज्या कामाला आम्ही रिकामटेकडेपणा म्हणत होतो, त्यात एका बाईची अशी अक्कल गुंतली होती. तो खेळ खेळणाऱ्यानं कॅसेट एकदा विकत घेतली की झालं. खेळताना पुन्हा पुन्हा खिशात हात घालायला लागत नव्हता.

म्हणून आता खेळ दिसला की आम्ही एवढंच विचारतो, याला शेवट आहे का, आणि हा पैसे कधी मागतो? पैसे लावून पैसे जिंकायचे जे ऑनलाइन खेळ आहेत, त्यांच्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून बंदी घातली. ते बरंच झालं. द्यूतात धर्मराज हरला, पण पणाला कोण लागली, हे बायकांना वेगळं सांगायला नको. मात्र ज्या खेळात जिंकायचं काहीच नाही, नुसते कपडे आणि हिरे विकत घ्यायचेत, तिथं राखण आपल्यालाच करायची आहे.

आम्ही काय केलं ते सांगतो. गटाचे पैसे आता कुणाच्याही घरच्या खात्यात येत नाहीत, थेट गटाच्या खात्यात जातात. ही चूक त्या पोराची नव्हती, आमची होती. सगळ्यांनी पिन बदलले. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, हे पाठ केलं. ज्या दुकानातून ॲप उतरवतो, तिथल्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारायची सोय असते, ती चालू केली. फसवणूक झालीच तर १९३० या नंबरवर लगेच फोन करायचा, हा नंबर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिला. जेवायला हाक आता दहा मिनिटं आधी जाते, "हा डाव संपला की ये" अशी. आणि ज्या घरात संध्याकाळी दार लागतं, त्या घरात सासू आता बाहेर टीव्हीचा आवाज कमी करते. मध्येच चहाचा कप दाराशी ठेवते.

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. पोरगा अजून खेळतो. कधीकधी जास्तच खेळतो, मग घरात आवाज चढतात. हप्त्याचे पैसे अजून पुरते फिटलेले नाहीत. पण ताट सारणं थांबलंय.

आणि एक आहे. दर शनिवारी दुपारी आमच्यातल्या ज्यांना फोनवरून पैसे पाठवायची भीती वाटते, त्या त्याच्याकडं शिकायला बसतात. रक्कम कुठं लिहायची, नाव कसं पडताळायचं, पावती कुठं बघायची, हे तो नीट समजावतो. न चिडता, पुन्हा पुन्हा. आम्ही पिन टाकायला लागलो की मात्र तो तोंड फिरवून दाराकडं बघतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर एकच करा. तुमचा पिन तुमच्याशिवाय कुणाला पाठ आहे ते विचारा. आणि पोराला एकदा म्हणा, मला खेळून दाखव.