प्रार्थना आणि वेदना



'प्रार्थनेने रोग बरा होतो काय?' हा प्रश्न आपल्याकडे बहुधा वादासाठी विचारला जातो. पण ज्याच्या घरी कोणी अंथरुणाला खिळले आहे, त्याला वाद नको असतो, उत्तर हवे असते. डॉक्टर निघून गेलेले आहेत, रात्रीचे दोन वाजले आहेत आणि रोगी कण्हतो आहे. अशा वेळी एरवी देव न मानणाऱ्याच्याही तोंडून 'देवा' हा शब्द निघून जातो. त्या शब्दात बळ किती आणि त्याची मर्यादा कोणती, एवढेच आज मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

पुण्याजवळच्या उरुळीकांचनला १९४६ च्या मार्चमध्ये महात्मा गांधी गेले, आणि तेथे त्यांनी निसर्गोपचाराचे केंद्र सुरू केले. सूर्यस्नान, कटिस्नान, मातीच्या पट्ट्या आणि साधा आहार हे तिथले उपचार. पण ह्या सर्वांहून श्रेष्ठ औषध म्हणजे रामनाम, असे गांधीजी सांगत. त्याच गांधीजींवर १९२४ च्या जानेवारीत, ते येरवड्याचे कैदी असताना, पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली होती. कर्नल मॅडॉक ह्यांनी ती केली. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ती पुरी करावी लागली. ह्या शस्त्रक्रियेला संमती देणे ही आपल्या मनाची दुर्बलता होती, असे पुढे गांधीजींनी म्हटले. त्यांच्यापुढे नम्र होऊनही मला असे वाटते, की ती दुर्बलता नव्हे, शहाणपण होते. तो कंदील विझला असता, तर देशाची केवढी हानी झाली असती!

प्रार्थनेची परीक्षा शास्त्रज्ञांनीही घेऊन पाहिली आहे. इंग्लंडात फ्रान्सिस गॉल्टन ह्यांनी १८७२ साली एक मार्मिक हिशेब मांडला. राजाच्या दीर्घायुष्यासाठी देशभर प्रार्थना होतात. मग राजे अधिक जगतात काय? आकड्यांवरून तसे दिसेना. अमेरिकेत २००६ साली हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेले १८०२ रोगी त्यात होते. प्रार्थना होईल की नाही हे ज्यांना निश्चित ठाऊक नव्हते, त्यांपैकी प्रार्थना झालेल्यांत शेकडा ५२ जणांना आणि न झालेल्यांत शेकडा ५१ जणांना पुढे काही ना काही उपद्रव झाला. 'तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे' असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात मात्र हे प्रमाण शेकडा ५९ निघाले! तेव्हा दुसऱ्याने दुरून केलेल्या प्रार्थनेने शरीराचा रोग हटतो, ह्याला ह्या प्रयोगात आधार मिळाला नाही.

मग प्रार्थना व्यर्थ का? तसे नव्हे. रोग आणि वेदना ह्या दोन गोष्टी एक नाहीत. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर ह्या डॉक्टरांनी गंभीर जखमी सैनिकांना विचारले, 'वेदनेवर औषध हवे काय?' सुमारे तीन चतुर्थांश सैनिकांनी नको म्हणून सांगितले. जखम तर खोल होती. पण जखमेचा अर्थ होता, 'आता मी रणातून सुटलो, जिवंत घरी जाणार.' १९६५ साली मेलझॅक आणि वॉल ह्या दोघा शास्त्रज्ञांनी ह्याचे मर्म सांगणारा सिद्धान्त मांडला. वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यात जणू एक दार लागते. ते किती उघडावे, हे वरून मेंदूही ठरवितो. भीतीने ते सताड उघडते, धीराने किलकिले होते. इटलीतच २००१ साली लुचियानो बर्नार्दी ह्यांना आढळले, की जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणा किंवा मंत्र म्हणा, श्वास संथ होऊन मिनिटाला सहाच्या आसपास येतो. प्रयोगातली ती तेवीस माणसे निरोगी होती, हे विसरू नये. पण संथ श्वासाने जिवाला येणारा निवांतपणा आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे.

माझी एक आत्या खुब्याचे हाड मोडून काही महिने पडून होती. औषध वेळेवर घेई आणि रात्रभर नामस्मरण करी. मी एकदा विचारले, "आत्या, नाम घेतलं की दुखायचं थांबतं का ग?" ती म्हणाली, "दुखतं रे बाबा, दुखतंच. पण मग मी दुखण्यापाशी एकटी नसते."

मंडळी, मला वाटते, प्रार्थनेचे सारे सामर्थ्य आणि सारी मर्यादा ह्या उत्तरात आली. म्हणून दोन विनंत्या करतो. प्रार्थनेसाठी औषध थांबवू नका. छातीत कळ आली असता जप करीत बसणे ही श्रद्धा नव्हे. आणि रोगी बरा झाला नाही, तर 'तुझी श्रद्धाच कमी पडली' असे त्याला कधीही म्हणू नका. आधीच वेदनेने वाकलेल्या जिवावर अपराधाचे ओझे घालण्याइतकी निर्दयता दुसरी नाही. त्याच्या उशाशी बसा, हात हातात घ्या, आणि त्याला रुचत असेल तर त्याच्याबरोबर नाम घ्या. तो बरा होईल की नाही हे आपल्या हाती नाही. तो एकटा राहू नये, एवढे खास आहे.