मचूळ पाण्याचा पडदा आणि सल्फोन प्लॅस्टिक

(कऱ्हाटी भागातील शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



बारामती-इंदापूरकडच्या बऱ्याच गावांत आता पिण्याच्या पाण्याचे आरओ यंत्र बसले आहे. त्याच्या लांब नळकांड्यात काय असते, हे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

आत गुंडाळलेला पडदा असतो. त्याचे थर तीन. तळाशी पॉलिस्टरचे कापड, त्यावर पॉलिसल्फोन या प्लॅस्टिकचा सच्छिद्र थर आणि वर पॉलिअमाइडची साय. क्षार अडवते ती साय. पण तिची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास! पंपाचा दाब सोसायला सल्फोनचाच आधार लागतो. हे प्लॅस्टिक चिवट असून आम्ल-अल्कलीला दाद देत नाही. पॉलिसल्फोन सुमारे १९० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते, तर त्याचे भावंड पॉलिइथरसल्फोन सुमारे २२५ अंशांना. उन्हात मात्र ही प्लॅस्टिके पिवळी पडून ठिसूळ होतात. कीटकनाशकांमुळे आपल्या परिचयाच्या घरडा केमिकल्सने ती भारतात तयार केली. तो व्यवसाय २००६ मध्ये सॉल्वे कंपनीने घेतला.

पॉलिइथरसल्फोन नुसते वापरले तर पाण्याने नीट भिजत नाही. म्हणून त्यात पाणी धरणारे पॉलिव्हिनिल पायरोलिडोन मिसळतात. या मिश्रणाचे शेवयांसारखे पोकळ तंतू अल्ट्राफिल्ट्रेशनच्या गाळणीत असतात. डायलिसिसच्या गाळणीतही बहुधा असेच मिश्रण असते. ही गाळणी गढूळपणा व जंतू अडवते, क्षार नाही. तेव्हा नीरा डाव्या कालव्याचे गोडे पण गढूळ पाणी असेल तर अशी गाळणी पुरते. आरओ हवे ते मचूळ बोअरला. आधी पाणी तपासावे, मग यंत्र ठरवावे. आपल्याकडे नेमके उलटे होते.

एका गावात टाकीत ब्लिचिंग पावडर टाकून तेच पाणी थेट यंत्राला दिले जात होते. काही महिन्यांनी पाण्याची धार वाढली. मंडळी खूश! पुढे चहा खारट लागू लागला, तेव्हा मला बोलावणे आले. क्लोरीनने साय खाल्ली होती. खालचा सल्फोनचा थर शाबूत होता; पण तो क्षार अडवत नाही. सगळे पडदे बदलावे लागले.

ब्लिचिंग बंद करा, असे मी म्हणत नाही. यंत्राआधी कार्बनची टाकी असते, ती क्लोरीन शोषते. कार्बन थकला की क्लोरीन पुढे जाते. ग्रामपंचायतीत रोज ओटी चाचणी होतेच. तीच कार्बनच्या टाकीनंतरच्या पाण्यावर करावी. रंग पिवळा आला तर यंत्र बंद ठेवून कार्बन बदलावा.

आता यंत्रातून बाहेर टाकलेल्या पाण्याविषयी. निम्मे पाणी गोडे होऊन निघाले, तर उरलेल्या निम्म्यात जवळजवळ सगळे क्षार राहतात. लिटरला १,५०० मिलिग्रॅम क्षार असलेल्या पाण्याचे सुमारे ३,००० होतात. हे पाणी जवळच्या उसात सोडलेले मी पाहिले आहे. आपल्या काळ्या, निचरा कमी असलेल्या जमिनीत ते मुरले की क्षार वर येऊन बसतात, आणि चोपण-खारवट जमिनीचे दुखणे आपल्याला नवे नाही. भांडी, गाड्या, अंगण धुण्यासाठी ते वापरावे. विहिरीत किंवा पाटात मुळीच सोडू नये.